मेकअपच्या आधी प्रकाश ठरवावा

प्रश्न : मी कोल्हापुरात नववधूंचा मेकअप करते. एका नियतकालिकाला पाठवण्यासाठी ‘पाऊस’ या विषयावर एकाच दिवसात सहा निरनिराळे मेकअप करून छायाचित्रण केले. समोर खुलून दिसणारा हिरवा-निळा रंग छायाचित्रांत राखाडी उतरला, डोळ्यांखाली पांढरे डाग दिसले आणि ‘मेकअप चांगला आहे, पण मालिका होत नाही’ असे उत्तर आले. पुढचे नियोजन कसे करावे आणि झालेल्या कामाकडे कसे पाहावे?

उत्तर : संपादकांच्या त्या एका वाक्यात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. नववधूचा मेकअप अनेक तास टिकावा लागतो आणि तो सर्व बाजूंनी पाहिला जातो. एडिटोरियलचा, म्हणजे नियतकालिकातील छायाचित्रमालिकेचा, मेकअप मात्र एका चौकटीसाठी, एका विशिष्ट प्रकाशात आणि थोड्या मिनिटांपुरता केलेला असतो. सहा मेकअपमधून आपले कौशल्य दिसले असेल, पण पाऊस दिसला नसावा. तीन पुरेत : आभाळ दाटून येणे, सर कोसळणे आणि उघडीप. छायाचित्रणाचा क्रम मात्र कथेप्रमाणे न ठेवता त्वचेप्रमाणे ठेवावा, म्हणजे ओलसर, जवळजवळ कोऱ्या चेहऱ्याची उघडीप आधी टिपून त्यावरच पुढचे रंग चढवत जावे. गडद रंग पुसून पुन्हा सुरुवात केली की त्वचा लाल होते आणि ती लाली पुढच्या बेसमधूनही, म्हणजे मेकअपच्या पहिल्या थरातूनही, डोकावते.

आता रंगांविषयी. फेस चार्ट, म्हणजे मेकअपचा आराखडा आखायचे चेहऱ्याचे कागदी चित्र, रंगवण्यापूर्वी छायाचित्रकाराबरोबर बसून प्रकाशाची दिशा आणि चौकट ठरवून घ्यावी, कारण केवळ डोळ्यांचा क्लोजअप असेल तर गालांवरची मेहनत वाया जाते आणि कमरेपर्यंतची चौकट असेल तर पापणीवरची बारीक रेघ हरवते. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर हिरवे-निळे पिगमेंट (कोरडी रंगपूड) थेट लावले तर खालचा रंग त्यातून दिसतो आणि ते मळकट होते. त्यासाठी आधी त्याच छटेचा अपारदर्शक क्रीम रंग लावून वर पिगमेंट दाबून बसवावे. मेकअप शक्यतो 5000 ते 5500 केल्व्हिनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळच्या, प्रकाशात करावा. पिवळ्या बल्बखाली निळा फिका भासतो, म्हणून हात नकळत जास्त रंग लावतो. कॅमेरा आपल्या डोळ्यांसारखे पाहत नाही, हे तसे जुनेच दुखणे आहे : मूकपटांच्या काळातील ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल प्रकाश न टिपणाऱ्या, फिल्मवर लाल ओठ काळे उमटत असत.

डोळ्यांखालचे पांढरे डाग बहुधा सिलिका असलेल्या पावडरचे असावेत. समोरून फ्लॅश पडला की असा थर प्रकाश परत फेकतो. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनमुळेही हेच घडू शकते. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या फ्लॅशने एक छायाचित्र काढून पाहिले, तर दोष तिथेच पकडता येतो. पावसाच्या थेंबांसाठी नुसते पाणी ओघळून जाते; ग्लिसरीन मिसळलेले पाणी मात्र थेंबाच्या आकारात बराच वेळ टिकते. त्याखाली पाण्याने लावायचे फेस पेंट वापरू नये. पापणीवरचा ग्लॉस (ओलसर चमक देणारा थर) उष्णतेने लवकर घडीत गोळा होतो, म्हणून तो कॅमेऱ्यासमोर उभे राहिल्यावर अगदी शेवटी लावावा.

सुरक्षिततेत मात्र तडजोड नको. हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ कधीही वापरू नये, तिच्या कडा बुबुळाला इजा करू शकतात. नवे गोंद आणि रंग किमान एक दिवस आधी मॉडेलच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावेत आणि ती कॉन्टॅक्ट लेन्स वापरते का, हेही तेव्हाच विचारावे.

झालेल्या कामाकडे पाहताना रिटच केलेली, म्हणजे नंतर संगणकावर सुधारलेली, छायाचित्रे बाजूला ठेवून मूळ फाइल पाहाव्यात, आणि त्याही चार-सहा दिवसांनी, मेहनतीची आठवण थोडी पुसट झाल्यावर. सर्व छायाचित्रे अंगठ्याच्या नखाएवढी करून एकत्र मांडल्यास मालिका होते की नाही हे लगेच कळते. ती कृष्णधवल करून पाहिल्यास रंग वेगळे असूनही उजळ-गडद फरकच नव्हता, असेही आढळू शकते. प्रत्येक डिजिटल फाइलमध्ये वेळ नोंदलेली असते. त्यावरून ग्लॉस कितव्या मिनिटाला फाटला हे शोधून फेस चार्टच्या मागे लिहून ठेवावे. मला ही नोंद कोणत्याही महागड्या पॅलेटपेक्षा मोलाची वाटते.

प्रश्न : मी मेकअप केलेल्या एका छायाचित्रणात छायाचित्रकार, मॉडेल आणि मी यांच्यापैकी कोणीच पैसे घेतले नाहीत. मग छायाचित्रे माझ्या पोर्टफोलिओत वापरायला परवानगी लागते का? (पुणे)

उत्तर : होय. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल आणि मोबदला देऊन काम करून घेतलेले नसेल, तर छायाचित्राचा पहिला हक्कदार सामान्यतः छायाचित्रकारच असतो. म्हणून छायाचित्रणाच्या आधीच कोण कुठे वापर करणार, श्रेयनामे कशी द्यायची आणि रिटचिंग कितपत करायचे, हे एका पानावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. अनेक नियतकालिके पूर्वी कोठेही प्रसिद्ध न झालेलीच छायाचित्रे स्वीकारतात, त्यामुळे त्यांचे उत्तर येईपर्यंत एकही छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकायचे नाही, ही अटही त्याच कागदावर असावी.