गणपूर्ती

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात तू घरी येऊन गेलीस. तासभर रस्त्याच्या कामाबद्दल बोललीस, पण जे विचारायला आली होतीस ते जाताना, चपला पायात सरकवताना विचारलेस. ग्रामसभेला पुरेशी माणसे जमली नाहीत तर रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घ्याव्यात का, कारण ग्रामसेवक म्हणतात की सगळीकडे असेच चालते आणि ठराव लांबला तर निधी परत जाईल. मी "विचार करून सांगतो" म्हणालो. खरे तर विचार करण्यासारखे त्यात काही नव्हते. उत्तर देताना स्वतःबद्दल जे सांगावे लागले असते, ते दारात उभ्याउभ्या सांगण्याची माझी तयारी नव्हती.

मी सरपंच असतानाची, सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नळपाणी योजनेचा ठराव ग्रामसभेत मंजूर करून पाठवायचा होता. गणपूर्तीचा नियम तुला ठाऊक आहेच : एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर हवीत. आपल्या गावात नऊशेच्या वर मतदार होते, म्हणजे १०० माणसे लागत होती. चावडीपुढे बसली होती ३७. तासभर वाट पाहिली आणि मग शिपायाबरोबर रजिस्टर आणि शाईचा पॅड घेऊन मी स्वतः वाड्यावस्त्यांवर निघालो.

त्या फेरीतले एक घर अजून डोळ्यांपुढे आहे. एक म्हातारी चुलीपुढे भाकरी थापत बसली होती. शिपायाने "आजी, अंगठा द्या" म्हटल्यावर तिने "कशाचा?" असे विचारले आणि "पाण्याचा" हे उत्तर ऐकून लगेच हात पुढे केला. अंगठ्याला पीठ लागलेले होते, त्यामुळे जांभळा ठसा अर्धाच उमटला. तिने अंगठा पदराला पुसला, पुन्हा शाईवर टेकवला आणि या वेळी नीट दाबून धरला, आपल्या हातून सरकारी काम बिघडू नये म्हणून. त्या ठशाच्या वर छापले होते, "सभेस उपस्थित असलेल्यांच्या सह्या". ती सभेस उपस्थित नव्हती, हे मला ठाऊक होते. तिच्यासमोर उभे राहून मी मनाशी म्हणत होतो, 'पाणी तर हिच्याच दारात येणार आहे.'

रात्रीपर्यंत १०४ सह्या आणि अंगठे झाले. योजना झाली, टाकी उभी राहिली, पाणीही आले. एक पैसा कुणी खाल्ला नाही. म्हणून कितीतरी वर्षे ती गोष्ट मला खोटेपणाची वाटलीच नाही. कुणी विचारले असते तर गावासाठी केले, असे मी छातीवर हात ठेवून सांगितले असते, आणि ते सांगताना माझा आवाजही कापला नसता.

मुली, सार्वजनिक कामात पडलेल्या माणसाने सर्वांत जास्त भ्यावे ते याच अवस्थेला. लाच घेणाऱ्याला आपण लाच घेतो हे कळत असते. चांगल्या कामासाठी खोटे करणाऱ्याला मात्र आपण खोटे करतो हे हळूहळू कळेनासे होते, कारण दर वेळी तो आधी स्वतःला पटवतो आणि मगच दुसऱ्यांना.

मला ते कळले सहा वर्षांनी. मी पदावर नव्हतो. गावाच्या कडेला खडी क्रशर यायचा होता आणि त्याला ना-हरकत देणारा ठराव ग्रामसभेत मंजूर झाल्याचे इतिवृत्तात लिहिलेले होते. त्या सभेला मी स्वतः गेलो होतो. पन्नास माणसेसुद्धा नव्हती. रजिस्टरवर मात्र १०० च्या वर सह्या होत्या. पुढच्या सभेत मी उभा राहून हरकत घेतली. समोर बसलेल्याने आवाज न चढवता एवढेच विचारले, "दादा, पाण्याच्या योजनेला सह्या कशा झाल्या होत्या?" मी खाली बसलो. क्रशर झाला. त्याची धूळ आजही ओढ्याकाठच्या घरांवर बसते, आणि त्या धुळीत माझा वाटा किती, हा हिशेब मी अनेकदा मांडला आहे.

अशा वेळी मला गोपाळ कृष्ण गोखले आठवतात. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. घरांच्या झडत्यांना गोरे सोजीर लावले होते आणि त्यांच्या वागण्याने शहर पोळले होते. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले तेव्हा इंग्लंडात होते. पुण्याच्या मित्रांकडून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वृत्तपत्राला सांगितले की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. प्रकरण पार्लमेंटापर्यंत गेले आणि मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला. २२ जूनला पुण्यातल्या प्लेग-मोहिमेचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैअखेरीस गोखले मुंबईत उतरले तेव्हा टिळकांना अटक झालेली होती, पुण्याचे सरदार नातू बंधू स्थानबद्ध होते, आणि ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे उघड करणे म्हणजे त्यांना आगीत लोटणे होते. पुरावा हाती नाही आणि नावे सांगायची नाहीत, अशा कात्रीत सापडलेल्या ३१ वर्षांच्या त्या माणसाने आपला आरोप सिद्ध करता येत नाही असे जाहीर करून माफी मागितली.

स्वकीयांनी त्यांना भित्रा ठरवले. गप्प राहण्याची, गोलमोल निवेदन देण्याची, 'तपास चालू आहे' म्हणून वेळ मारून नेण्याची वाट त्यांनाही मोकळी होती, आणि तसे केले असते तर पुण्यात त्यांची लोकप्रियता वाढलीच असती. 'मी ऐकले', 'माझी खात्री आहे' आणि 'मी सिद्ध करू शकतो' या तीन वाक्यांमधले अंतर त्यांनी स्वतःशी मान्य केले, आणि किंमत स्वतः मोजली, मित्रांना मोजू दिली नाही. आता माझे मत सांगतो. ती माफी गरजेपेक्षा पुढे गेली असे मला वाटते. सरकारबरोबर सैनिकांचीही सरसकट माफी मागणे मला आजही पटत नाही, कारण पुरावा देता आला नाही म्हणून काही घडलेच नाही असे होत नाही. स्वतःशी प्रामाणिक राहताना माणूस स्वतःवर अन्यायही करू शकतो, आणि आपल्याबरोबर इतरांवरही. तरीही आपल्या बोलण्यातले न टिकणारे वाक्य मागे घेण्याची जी ताकद त्यांनी दाखवली, तिच्यासाठी मी त्यांच्यापुढे हात जोडतो.

तू बोलता बोलता राजीनाम्याचाही विषय काढलास. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली, मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याच्या निर्णयावरून, केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, याचा मराठी माणसाला अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. ते कोलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातून निवडून गेलेले होते. ज्या निर्णयाचे समर्थन आपल्या मतदारांपुढे मनापासून करता येत नाही, त्याची जबाबदारी अंगावर घेऊन खुर्चीत बसणे त्यांना मान्य नव्हते. मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी का होत नाही, हेही त्यांनी लोकसभेत विचारले. पण राजीनामा दिल्यावर ते रुसून घरी बसले नाहीत; विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम पाहू लागले. तुझ्या बाबतीत ती वेळ आलेली नाही. सहीच्या रजिस्टरावरून राजीनामा देणे हे अवघड कामातून तत्त्वाच्या नावाने सुटका करून घेण्यासारखे होईल, आणि तेही स्वतःची समजूत घालणेच आहे. तुला लोकांनी काम करायला निवडून दिले आहे.

मग करायचे काय? नियमातच वाट आहे. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब कर. तहकूब सभा पुन्हा घेताना गणपूर्तीची अट राहत नाही. त्याच विषयांवर, आलेल्या माणसांसह, ठराव रीतसर करता येतो. ही तरतूद माझ्या वेळीही होती आणि मला ती माहीतही होती. मुद्दा इथेच आहे, म्हणून थोडे थांबून वाच. निधी परत जाईल ही भीती मी स्वतःला दाखवत होतो; प्रत्यक्षात आठ-दहा दिवसांनी काहीही बिघडले नसते. मला टाळायचे होते ते वेगळेच. सभा तहकूब झाली की इतिवृत्तात लिहावे लागले असते की सरपंचाच्या हाकेला नऊशेतून ३७ माणसे आली. तालुक्याला ते कळले असते, विरोधकांनी ते पारावर वाचून दाखवले असते. म्हातारीचा अंगठा मी पाण्यासाठी घेतला नव्हता, माझी अब्रू झाकण्यासाठी घेतला होता. हे वाक्य कागदावर लिहायला मला सत्तावीस वर्षे लागली.

क्रशरच्या त्या सभेपासून मी एक सवय लावून घेतली आहे. पतसंस्थेच्या समितीवर असताना कुठल्याही अवघड कागदावर सही करण्यापूर्वी, ती का करतो आहे याचे कारण घरच्या वहीत एका ओळीत लिहायचो, आणि त्याखाली दुसऱ्या ओळीत, हे कारण भर सभेत असेच्या असे वाचून दाखवता येईल का, याचे उत्तर. पुष्कळदा दुसरी ओळ लिहिताना पहिली खोडावी लागली. दोनदा सही न करता कागद परत पाठवला, त्यात एकदा जवळचा नातेवाईक कायमचा दुरावला. तो अजून बोलत नाही, आणि त्याचे वाईट मला रोज वाटते. सचोटीने वागले की सगळे शेवटी गोड होते, असे मी तुला सांगणार नाही.

जी गोष्ट मी त्या वेळी केली नाही, ती तू कर. माणसे का येत नाहीत, हे त्यांनाच विचार. मी सभा सकाळी अकराला ठेवत असे, कारण ती वेळ मला, ग्रामसेवकाला आणि तालुक्याहून येणाऱ्या साहेबांना सोयीची होती. त्या वेळी निम्मे गाव खुरपणीला गेलेले असते आणि उरलेले बाजाराच्या गाडीत. 'लोकांना गावाची पर्वा नाही' असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो आणि माझ्या नोटिशीतली वेळ मात्र कधी बदलली नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. ती कागदावर उरकू नकोस. खरोखर घे, आणि तिथे बायकांनाच विचार की त्यांच्या भाकऱ्या कधी उरकतात, रानातून त्या कधी परततात, पाण्याची पाळी कोणत्या वेळी असते. त्या सांगतील ती वेळ नोटिशीत लिही. साहेबांना ती गैरसोयीची असेल तर तसे त्यांना लेखी कळव आणि पोच घे.

मी येईन. बसायला मागे एखादी जागा ठेव, आणि रजिस्टर सभा सुरू होण्यापूर्वीच माझ्याकडे पाठव.

तुझा,
दादा