धाब्याच्या वाड्याला हात लावण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि छायाचित्रे मिळाली. पारोळ्याजवळचा तो दुमजली सागवानी वाडा गावाचे ग्रंथालय आणि अभ्यासिका म्हणून पुन्हा नांदता व्हावा, ही तुझी इच्छा मला मनापासून आवडली. मात्र पॉलिश आणि दिव्यांची यादी बाजूला ठेव, पहिल्या मोठ्या पावसात तिथे मुक्काम कर आणि पाणी नेमके कोठून झिरपते ते टिपून ठेव. लाकडातील ओल २० टक्क्यांखाली राहिली, तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. म्हणून धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा उतार, पन्हळी आणि खांबांखालचे उथळे, म्हणजे बैठकीचे दगड, आधी तपास आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके टोच्याने टोचून पाहा, कारण बाहेरून ठणठणीत दिसणारी तुळई बहुधा तिथेच आतून गेलेली असते.

धाब्यावर पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा थर चढवण्याची आपल्याकडे रीत आहे; जुना थर मात्र सहसा कोणी काढत नाही. फूटभर मातीचे वजन चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते, तेव्हा माती पेलणाऱ्या वाकलेल्या कड्यांना, म्हणजे छताच्या आडव्या लाकडांना, दोष देण्यापूर्वी थराची जाडी मोज. जादा माती दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उतरव. सगळीच काढून स्लॅब टाकण्याचा सल्ला अनेक जण देतील, पण ४५ अंशांच्या वैशाखात वाडा गार राहतो तो या मातीमुळे.

उमेदीच्या काळात एका वाड्याच्या खांबांचे बुंधे मी सिमेंटने मढवले होते. आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही आणि काही वर्षांतच ते बुंधे हाताने चुरगळण्याइतके कुजले. ती चूक मला अजून सलते. तू कुजलेला भाग तेवढाच कापून जुन्या सागवानाचा तुकडा कुसू घालून, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभेने, जोडून घे आणि भिंतींना चुन्याचाच गिलावा दे. वीजवाहिन्यांसाठी लाकडात खाचा पाडू नकोस.

घराच्या मजल्यासाठी आपली मानके चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, तर पुस्तकांच्या कपाटांच्या दालनासाठी ६०० किलो. म्हणून कपाटे तळमजल्यावरच असू देत आणि माडीवर किती मुले बसवायची, हे संरचना अभियंत्याला विचारूनच ठरव.

दसऱ्यानंतर माती उतरवायला घेशील तेव्हा कळव. पहिले चार दिवस मी तिथे येऊन राहीन.