तीच पिशवी, तेवढंच पाणी, मग माप रोज वेगळं का?

ताई, चार वर्षांच्या लेकीच्या पोटात डायलिसिससाठी रोज २.५ टक्के साखरेच्या द्रावणाचीच पिशवी, ६५० मिलीच भरता. तरी कधी शंभर मिली जास्त निघतं, कधी भरल्यापेक्षाही कमी, म्हणून पोटातला पडदा खराब झाला का असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. इंदूरला राहतो, मुलाचं पेरिटोनियल डायलिसिस (पोटात द्रावण भरून आतल्या पडद्यातून रक्त साफ करणं) घरीच करतो. पडद्यावर एकदम जाऊ नका.

आधी सांगा, तिला शी रोज होते का? आमच्याकडे एकदा सलग तीन दिवस दीडशे मिली आतच राहत होतं. नळी सरळ केली, पिशवी आणखी खाली ठेवली, पोराला या कुशीवरून त्या कुशीवर केलं. शेवटी नर्सताईंनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला. पोट साफ झालंच नव्हतं! तुंबलेलं आतडं पोटातल्या नळीला, म्हणजे कॅथेटरला, दाबतं, जागेवरून सरकवतं. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर माप बरोबर. नळीत फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे पांढरे धागे अडकले तरी असंच होतं.

मग घड्याळ बघा. पाणी ओढते ती द्रावणातली साखर, आणि लहान मुलांत ती रक्तात फार लवकर शोषली जाते. साखर उतरली की ओढ संपते, उलट शरीरच पाणी परत घेऊ लागतं. पाहुणे आले म्हणून चार तासांचं एक्सचेंज (पाणी भरणं, आत ठेवणं, काढणं) सहा तासांवर गेलं, की आमच्या वहीत आकडा घसरलेला असतो. पण म्हणून वेळ आपल्या मनाने कमी करू नका; रक्तात साठलेलं फॉस्फेट सावकाश बाहेर येतं, त्याला मुक्काम लांबच लागतो. पडदा कोणत्या चालीचा आहे हे पेट टेस्टमध्ये (पडदा साखर किती वेगाने शोषतो ते मोजणारी चाचणी) कळतं, ती झाली नसेल तर विचारा.

किती भरायचं ते अंगाच्या क्षेत्रफळावर ठरतं. दोन वर्षांवरच्या मुलांत साधारण चौरस मीटरला १००० ते ११०० मिली, तेही हळूहळू वाढवत. मूल वाढलं आणि भरण तेवढीच राहिली तर साखर लवकर संपते. जास्त भरलं तर पोटातला दाब वाढून ओढलेलं पाणी मागे ढकललं जातं. बसल्यावर हा दाब आणखी चढतो.

आणि शेव. इंदूरात शेवेशिवाय पोहे कोण खातं? आजी गुपचूप द्यायच्या, मिठाने तहान लागायची, अंगावर सूज, की आमची गाडी ४.२५ टक्क्यांच्या पिशवीवर. ती पाणी ओढते खरी, पण एवढी साखर वर्षानुवर्षं पडद्याला सोसत नाही.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. निघालेल्या पिशवीखाली पेपर धरा. अक्षरं धूसर दिसली, पोट दुखतंय, ताप आहे, किंवा नुसतंच पाणी गढूळ आहे, तर पेरिटोनायटिस, म्हणजे पडद्याला जंतुसंसर्ग, असू शकतो. सुजलेला पडदा साखर आणखी झपाट्याने शोषतो, म्हणून माप तेव्हाही घटतं. तीच पिशवी सोबत घेऊन तडक डायलिसिस युनिटला जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.