मागच्या तारखेची सही

प्रश्न : मी पुण्यात एका बांधकामावर साइट इंजिनिअर आहे. तळघराच्या खोदाईत साडेतीन मीटरवर माती ढासळून एका मजुराच्या पायाचं हाड मोडलं. शोअरिंग (माती ढासळू नये म्हणून खड्ड्याच्या बाजूंना दिलेला आधार) नव्हतं. ते लावा, असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मी मॅनेजरना आदल्या आठवड्यात केला होता. आता ऑफिस म्हणतं, खोदाईचं वर्क परमिट (तपासणी करून काम सुरू करायला दिलेली लेखी परवानगी) आणि टूलबॉक्स टॉकचं (कामाआधी मजुरांना दिलेल्या सुरक्षेच्या सूचनांचं) रजिस्टर मागच्या तारखा टाकून भरून दे, फॉर्मॅलिटी आहे. नोकरी नवी आहे. काय करू?

उत्तर : सही करू नका. नोकरीची काळजी रास्त आहे, पण आधी हिशोब पाहा.

हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत. निष्काळजीपणामुळे ती झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुरावा म्हणून वापरायला खोटी नोंद करणं हा कलम २२८ मधला वेगळा गुन्हा आहे, आणि तो पुरावा कोर्टाच्या कामासाठी असेल तर २२९ खाली शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणजे अपघातापेक्षा रजिस्टर महाग पडेल. मजुरांचे अंगठे दुसऱ्याच कुणी उठवले, तर बनावट दस्तऐवजाचं कलमही येईल.

त्यातून तुमचा मेसेज. शोअरिंग नाही, असं तुमचा फोन म्हणतो. शोअरिंग तपासून परवानगी दिली, असं परमिट तुमच्याच सहीने म्हणणार. मेसेज करूनही खोदाई का चालू दिली, हे तुम्हाला विचारलं जाईलच. पण तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तो मेसेजच आहे, आणि ऑफिस तो तुमच्याच हाताने खोडायला सांगतंय.

अशी रजिस्टरं पकडणं अवघडही नसतं. तीन आठवड्यांची पानं एकाच पेनने, एकाच दमात लिहिलेली दिसतात. हजेरीपुस्तकात गावी गेलेल्या माणसाचा अंगठा टूलबॉक्सच्या पानावर सापडतो. आणि एवढं करून मजुराची भरपाई टळत नाही, कारण तिच्यासाठी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध व्हावाच लागत नाही.

मातीतला चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर आधार द्या, असं आयएस ३७६४ हे भारतीय मानक सांगतं. खोदाईची पद्धत, उतार, शोअरिंग, पोकलेन कडेपासून किती लांब उभा राहणार, हे पहिली बादली उचलण्याआधी कागदावर हवं होतं. ते नव्हतं, तर नव्हतं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२० आली आहे. तिच्यानुसार मजूर अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ शकला नाही, तर अपघाताची सूचना देणं मालकावर बंधनकारक आहे. ती गेली का, हे विचारा.

उशिरा नोंद करणं गुन्हा नाही. आजची तारीख घाला, 'अपघातानंतर आठवणीने लिहिलं' असं वर लिहा, आणि स्वतः पाहिलं तेवढंच लिहा. ऑफिसला दोन ओळींचा ईमेल टाका : 'मागील तारखेच्या नोंदी मी करू शकत नाही. आजच्या तारखेने वस्तुस्थितीचा अहवाल सोबत जोडला आहे.' आरोप, उपदेश काही नको. प्रत स्वतःच्या ईमेलवर ठेवा. चॅट पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात ती चॅट दाखवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की काम सोपं होतं.

पोलिसांनी बोलावलं तर आधी वकील गाठा, तोही कंपनीचा नव्हे, स्वतःचा. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, एवढं लक्षात असू द्या.