नवा कॉम्प्युटर असेंबल करून घ्यावा की ब्रँडेड?

व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग करायचं असेल तर डोळे झाकून असेंबल करा. नुसतं टॅली, ईमेल आणि मुलांचा अभ्यास असेल तर ब्रँडेड घेऊन मोकळे व्हा. बिघडला तर माणूस घरी येतो. (ऑनसाइट वॉरंटी आहे ना, ते आधी विचारा.) असेंबल्डमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी, त्यामुळे बिलं जपून ठेवायची.

माझा ब्रँडेड डबा ग्राफिक्स कार्ड टाकायला उघडला, तर एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज पुरवणारा डबा) कमी वॉटचा आणि मदरबोर्डवरची त्याची पिन भलतीच! बाजारातला साधा एसएमपीएस बसेचना. कार्ड राहिलं खोक्यात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला गेलात तर दुकानदार नेमका एसएमपीएस स्वस्तातला सुचवेल, ऐकू नका. आणि १६ जीबी रॅम ८-८ च्या दोन स्टिकमध्ये घ्या, ड्युअल चॅनेल मिळतो, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम वापरल्या जातात आणि वेग वाढतो.