'पुट ऑफ' म्हणजे बंद करणं का नाही?

'पुट' म्हणजे ठेवणं, 'ऑफ' म्हणजे बंद, मग 'पुट ऑफ'चा अर्थ 'पुढे ढकलणं' कसा होतो, असं तुम्ही विचारलंय. हाच हिशेब मीही लावला होता आणि चांगलाच तोंडावर आपटलो होतो.

मी नागपुरात ताडोबाला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या आणि खोल्या ठरवून देतो. नवीन असताना एका परदेशी जोडप्याचा मेल आला : 'वी हॅव पुट द ट्रिप ऑफ टिल मार्च.' घरी 'लाईट पुट ऑफ कर' ऐकतच वाढलेलो (तो वापर चूक नाही, पण हल्ली 'स्विच ऑफ' जास्त चालतं). म्हटलं, ट्रिप बंद. सगळं रद्द करून मोकळा झालो. 'टिल मार्च' दिसलंच नाही. मार्चमध्ये त्यांचा मेल : आमची गाडी विमानतळावर कुठे उभी असेल?

रद्द करायचं असेल तर 'कॉल ऑफ'. 'पुट ऑफ' म्हणजे 'पोस्टपोन'च, फक्त बोलण्यातलं. 'इट' मध्येच बसतं : 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' कोणी म्हणत नाही. पुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावायचं : 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट.' 'टू गो' नको.

मध्ये माणूस आला की मात्र अर्थ फिरतो. 'ही कीप्स पुटिंग मी ऑफ' म्हणजे उधारी मागायला गेलं की 'उद्या या' म्हणून टोलवतो. आणि 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे त्या वासानं मनच उडालं. सावजी रश्श्यावरचा तेलाचा थर बघून काही पाहुण्यांचं होतं तसं.

आता तुमचं 'कसा'. दोन शब्द जोडीनं नांदायला लागले की त्यांचा सुटा अर्थ विरतो. आपल्याकडेही तेच आहे. पुण्याच्या भाचीचा फोन आला, "मामा, काय करतोयस?" मी म्हटलं, "जेवून राहिलो." आम्हा नागपूरकरांच्या भाषेत याचा अर्थ 'जेवतोय'. तिला वाटलं जेवण उरकलं, आता मामा निवांत. अर्धा तास बोलली. ताटातला भात पार गारढोण.