‘प्रार्थनेत तत्पर’ म्हणजे घाई करायची का?

प्रश्न असा आला आहे: ‘चर्चच्या भिंतीवर “प्रार्थनेत तत्पर राहा” असं वाचलं. तत्पर म्हणजे लगेच, चटकन काम करणारा. मग प्रार्थना चटकन उरकायची का? इथे “चिकाटी” किंवा “सातत्य” हवं होतं ना?’

गोंधळ होणं साहजिक आहे. ‘तत्पर सेवा’ची पाटी आणि ‘तत्परतेने कार्यवाही’ करणारं सरकारी पत्र यांनी या शब्दाच्या हातात घड्याळ दिलं आहे. मूळ शब्दाला वेगाशी देणंघेणं नाही. तत् + पर, म्हणजे ‘तेच ज्याला सर्वांत वरचं’, त्यात गढलेला. भक्तिपर, स्वार्थपर यांतला ‘पर’ हाच. गीतेच्या चौथ्या अध्यायात ‘श्रद्धावान् लभते ज्ञानं तत्परः संयतेन्द्रियः’ असं आहे (४.३९). तिथे ज्ञान मिळतं ते श्रद्धा असलेल्याला आणि त्यातच लागून राहिलेल्याला. कोणी चपळ असावं अशी अट नाही.

भिंतीवरचं वाक्य बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्रातलं, १२व्या अध्यायाच्या १२व्या वचनातलं आहे. त्याच्या लगेच आधी संकटात धीर धरायला सांगितलं आहे, म्हणजे ओघ टिकून राहण्याचाच आहे. मूळ ग्रीक क्रियापद ‘प्रोस्कार्तेरेओ’. त्यात ‘कार्तेरोस’ म्हणजे बळकट, दमदार हा शब्द आहे. एखाद्या गोष्टीला नेटाने धरून राहणं असा अर्थ. आता गंमत पाहा. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात (३.९), गर्दी अंगावर येते, तेव्हा येशू शिष्यांना आपल्यासाठी एक लहान होडी जवळ ठेवायला सांगतो. तिथेही हेच क्रियापद! होडी काही करत नाही, फक्त काठाशी थांबून असते. हाक आली की तिथेच. बायबलच्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (१०.७) कर्नेल्य या रोमी सेनाधिकाऱ्याच्या सतत हाताशी असणाऱ्या शिपायासाठीही तेच. म्हणजे ‘हजर असणं’ आणि ‘न सोडणं’ हे दोन्ही अर्थ ग्रीक शब्दातच नांदतात. म्हणून मला ‘तत्पर’ ही भाषांतरकाराची चूक वाटत नाही, उलट फार नेमकी निवड वाटते. ‘सातत्य’ने फक्त काळ मोजला असता. रोज सकाळी ठरल्या वेळी, मन दुसरीकडे ठेवूनही सातत्य राखता येतं.

‘चिकाटी’चं म्हणाल, तर तिची जागा दुसरीकडे आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात विधवेचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा आहे. न देवाची भीती, न माणसांची भीड असा एक न्यायाधीश, आणि न्याय मागत त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येणारी एक विधवा. शेवटी तो कंटाळून म्हणतो, हिचा न्याय करतो, नाहीतर ही मला ‘रंजीस आणील’. रंजीस आणणे, म्हणजे जेरीस आणणे! हा फारसी ‘रंज’ मराठी बायबलात अजून टिकून आहे हे पाहून मला तरी आनंद होतो. ग्रीकमध्ये तर इथे अक्षरशः ‘डोळ्याखाली ठोसा मारणे’ या अर्थाचं क्रियापद आहे. या बाईला तत्पर म्हणणं मिळमिळीत होईल. तिने प्रकरण लावून धरलं. चर्चमधले लोक ‘प्रार्थना लावून धरा’ म्हणतात, ते तिच्याच चालीचं. अर्थात देव त्या न्यायाधीशासारखा आहे असं दाखला म्हणत नाही. असा माणूससुद्धा ऐकतो, मग देव का ऐकणार नाही, असा त्याचा रोख आहे. आणि शेवटचा प्रश्न चिकाटीबद्दल नाहीच: मनुष्याचा पुत्र (म्हणजे येशू) येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल का? न खचता मागत राहायला विश्वास लागतो, हा धागा तिथे आहे.



तुमची अडचण सोडवायला शब्दापेक्षा त्याच्या आधीचा प्रत्यय पाहा. ‘प्रार्थनेसाठी तत्पर’ म्हटलं तर बोलावल्याबरोबर हजर, तुम्ही म्हणता तो अर्थ. ‘प्रार्थनेत तत्पर’ म्हटलं तर माणूस आधीच आत बसलेला आहे. भिंतीवर ‘त’ आहे, ‘साठी’ नाही.